ऑर्गनवरच्या काकांना

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच "जेवलीस का गो?" विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

'संगीत सौभद्र'च्या जाहिरातीत सुभद्रा म्हणून माझं नाव छापून आलं, तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, गाणं कुणाकडे शिकलीस? गुरुजींचं नाव मी अभिमानाने सांगते. त्यांनी गळा दिला. पण नाटकातलं गाणं कुणाकडे शिकलीस, असं कुणी विचारत नाही. ते मी तुमच्याकडे शिकले, फोंड्याजवळच्या आपल्या देवळाच्या मांडवात, ऑर्गनच्या डाव्या अंगाला ठेवलेल्या स्टुलावर बसून.

जुन्या काळी संगीत नाटकात जाणारं पोर नाटक कंपनीत वाढायचं. केशवराव भोसले लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि पोरवयातच त्यांनी 'शारदा' गाजवली. आपल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किशोरवयात किर्लोस्कर मंडळीत गेले आणि 1918 मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, बळवंत संगीत मंडळीच्या स्थापनेत होते. त्या मुलांना तालीममास्तर होता, गवई होता, पंगत होती, रोज रात्री समोर मोठ्यांचा प्रयोग होता. ते दिवस सोपे होते असं मी म्हणत नाही. पण पोराने काय शिकायचं, कुणाकडे बघायचं, पडलं तर कुणी उचलायचं, याची एक व्यवस्था होती. आज ती व्यवस्था नाही. आमच्या पिढीतल्या मुलाला गाण्याचा क्लास मिळतो, अभिनयाचं शिबिर मिळतं, मात्र दोन्ही एकत्र सहसा मिळत नाही. माझ्या वाट्याला तुम्ही आलात, म्हणून माझी कंपनी तुम्हीच.

पहिलं काम 'मृच्छकटिका'तल्या रोहसेनाचं. मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडणारा चारुदत्ताचा मुलगा. माझ्या वाट्याला एकही पद नव्हतं आणि मला तेच खुपत होतं. माझा प्रवेश संपला की आई मला घरी न्यायला बघायची. तुम्ही तिला म्हणालात, "ऱ्हांव दी तिका, हांगा बसतली." राहू दे तिला, इथे बसेल. मग उत्सवाच्या रात्री मी तुमच्या शेजारी. तुमचे पाय ऑर्गनच्या भात्यावर सारखे चाललेले, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि डोळे एकदाही वाजवायच्या पट्ट्यांकडे नाहीत. मला वाटायचं, काका नाटक बघतायत. एकदा तुम्हीच हळूच सांगितलंत, "त्याच्या खांद्यांकडे बघ. आता श्वास घेईल, तेव्हा आपण सूर द्यायचा." आणि खरंच, चारुदत्ताचं शेवटचं वाक्य संपायच्या आत खालून सूर आला, तो नट बोलता बोलता त्या सुरावर चढला, आणि बोलणं कुठे थांबलं नि पद कुठे सुरू झालं ते मांडवात कुणाला कळलं नाही. हे मी त्या वयात इतक्या जवळून पाहिलं, म्हणून आज ते मला कुणाला समजावून सांगता येतं. पुस्तकात वाचून आलं नसतं.

घरात आपण सगळे कोकणी. तुम्हीही माझ्याशी कोकणीतच बोलायचा, पण नक्कल, म्हणजे संवादांची वही, हातात घेतली की मराठी. माझ्या वाक्यांना कोकणी हेल यायचा, जोडाक्षरं मी अर्धी गिळायचे. तुम्ही पदाची चाल अजिबात न वाजवता, सगळं पद आधी नुसतं वाचून घ्यायचा. "पयलीं उलय, मागीर म्हण." आधी बोल, मग गा. महिनाभर मी पदं बोलतच होते. शेजारच्या मुली हार्मोनियमवर अलंकार घोटायच्या आणि मी खुर्चीत बसून नाटककार किर्लोस्करांच्या नि देवलांच्या ओळी वाचत होते. तेव्हा कंटाळा यायचा. आता मुंबई-पुण्याकडचे प्रेक्षक प्रयोगानंतर भेटतात आणि म्हणतात, शब्द न् शब्द ऐकू आला. या कौतुकावर माझ्याइतकाच तुमचा हक्क आहे.

मग आवाज बदलला. मुलांचा फुटतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, मुलींचाही बदलतो हे कुणी सांगत नाही. वरचा सा हवेशीर लागायचा, मधेच तुटायचा. उत्सवाच्या मंडळात चर्चा झाली की हिचा आवाज गेला, दुसरी मुलगी बघूया. मी घरी ऐकून होते. तुम्ही तिथे भांडला नाहीत. म्हणालात, "यंदा ती दासीचं काम करील. पुढल्या वर्षी तिच्या पट्टीत मी वाजवीन." काळी पाचमध्ये गाणारी मी, मला तुम्ही काळी तीनवर, म्हणजे खालच्या सुरावर, आणलंत. त्यासाठी सगळी पदं दुसऱ्या पट्टीत बसवायची, तबलजींना तबला उतरवून घ्यायला सांगायचं, बाकीच्यांची कुरकुर ऐकायची, हे सगळं तुम्ही केलंत. लहान मुलीच्या गळ्यासाठी अख्खा संच सूर बदलतो, हे किती मोठं आहे ते मला व्यावसायिक रंगभूमीवर आल्यावर कळलं. इथे पट्टी बदला म्हणायला मोठ्या नटांनाही संकोच वाटतो. आणि ते दासीचं काम! पद नसलेल्या त्या वर्षात मी रंगमंचावर नुसतं उभं राहायला शिकले, दुसऱ्याचं पद चालू असताना ऐकायला शिकले. संगीत नाटकात निम्मा वेळ तेच तर करायचं असतं. समोरची व्यक्ती चार मिनिटं गाते आणि तुम्ही तिथे जिवंत असायला हवं.

पणजीला कला अकादमीत स्पर्धेसाठी सुभद्रेचं काम मिळालं तेव्हाची तालीम मी कधी विसरणार नाही. 'वद जाऊं कुणाला शरण'. जोगियातलं पद, सगळ्यांच्या कानात बसलेलं, त्यामुळे माझी सगळी धडपड जुन्या ध्वनिमुद्रिकांतल्या जागा घेण्याची. तुम्ही वाजवायचे थांबलात. विचारलंत, "बलरामदादा तिला दुर्योधनाला द्यायला निघालाय. तिला उत्तर ठाऊक आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग हा प्रश्न आहे बाय. विचार." त्यानंतर तुम्ही 'वद'च्या आधी सूर धरून ठेवलात, कितीतरी वेळ, आणि मला सुरुवातच करू दिली नाहीत. मी वाट बघत राहिले, घसा कोरडा पडला, खरोखर कुणाला विचारू असं वाटायला लागलं, तेव्हा कुठे मान हलवलीत. त्या दिवसापासून त्या पदात मी तान कमी केली. जाणकारांपैकी काहींना ते आवडत नाही. मला ते बरोबर वाटतं आणि मी तसंच गाणार.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. बाबांनी मला मुंबईला पाठवायला नकार दिला तेव्हा तुम्ही घरी आलात. मला वाटलं, माझी बाजू मांडाल, मुलगी गुणी आहे वगैरे सांगाल. तुम्ही बाबांना हिशेब सांगितलात. संगीत नाटकाचे प्रयोग महिन्याला किती लागतात, नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती मिळते, साथीदारांचा, नेपथ्याच्या गाडीचा खर्च केवढा असतो, म्हणून निर्माते का कचरतात. नुसत्या नाईटवर घर चालत नाही हे तुम्हीच पहिल्यांदा बोललात. मग म्हणालात, पदवी पुरी करू दे, विशारद होऊ दे, शिकवण्या घेईल, आणि नाटक करील. बाबांना स्वप्नं विकणारे पुष्कळ भेटले होते. खरं सांगणारे तुम्ही एकटे, म्हणून ते तयार झाले. आज माझं नेमकं तसंच चाललंय. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग. तुम्ही आखून दिलेल्या वाटेवर एकही खोटी पाटी नव्हती, काका.

आता कामाचं. आमच्या नाटकाचा दौरा गोव्यात येतो आहे आणि फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग आहे. आमचा ऑर्गनवाला मुलगा हुशार आहे, हात तयार आहे, पण अजून त्याची नजर पट्ट्यांवर असते. मी त्याला खांद्यांचं सांगून पाहिलं, माझ्याकडून त्याला ते नीट पोचत नाही. तुम्ही आदल्या दिवशी तालमीला याल का? गाडी पाठवते. पावसाळ्यात आमच्या ऑर्गनच्या दोन पट्ट्या दमटपणाने अडकायला लागल्या आहेत, त्याही एकदा बघा, हत्यारांची तुमची ती पिशवी आणा. आणि रात्री जेवायला आमच्याकडेच, आईने आत्ताच सांगून ठेवलं आहे.

तुमची,
बाय