फोटोमागे नावे लिहून ठेवा

महोदय,

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फोडले. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतील पडलेल्या घरांचे पंचनामे झाले, पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पण घराघरांतील ट्रंकांमधून वाहून गेलेली पत्रे, जन्मपत्रिका आणि लग्नातले फोटो यांची नोंद कुठेच झाली नाही. आमच्या नारायण पेठेतील घरातला एकच फोटो वाचला. तो माजघराच्या भिंतीवर उंच टांगलेला होता. त्याच्या खालच्या भागावर अजूनही पुराची तपकिरी रेघ आहे आणि रेघेखाली, पुढे मांडी घालून बसलेल्या मुलांचे पाय धुऊन गेले आहेत.

या फोटोत नऊ माणसे आहेत. आईला सगळी ठाऊक होती, पण आम्ही तिला कधी विचारले नाही आणि ती गेल्यानंतर घर आवरताना तिच्या पत्रांची पिशवीही रद्दीत गेली. ती चूक माझी आहे आणि तिची खंत मला रोज वाटते. गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याकडे मी फोन रेकॉर्डिंगला लावून बसले. ‘पुराच्या दिवशी काय झाले?’ या प्रश्नावर तिने वर्तमानपत्रात छापून येते तेवढेच दोन वाक्यांत सांगितले. मग मी तो फोटो तिच्या हातात दिला. तिने मागच्या रांगेतल्या एका तरुणावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, “हा आपल्यातला नव्हे गं. हा आपल्याकडे दर गुरुवारी वारावर जेवायला यायचा. फोटोग्राफर आला तेव्हा हा दाराशी उभा होता, आई म्हणाली, तूही ये.” वंशावळीत आम्ही त्याला आजोबांचा चुलतभाऊ म्हणून लिहून टाकले होते. पुरानंतर खडकवासल्याचे पाणी बंद झाले तेव्हा हाच माणूस लांबच्या विहिरीवरून दोन कळशा पाणी घेऊन आम्हाला शोधत आला होता, हेही त्याच दुपारी कळले. नुसत्या फोटोने हे सांगितले नसते आणि नुसत्या प्रश्नानेही नाही.

म्हणूनच फोटो, पत्रे आणि मुलाखत एकत्र हाताळावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाने पाठवलेल्या मनीऑर्डरींची कुपने जपलेली असतात. त्यांवरचा दोन ओळींचा मजकूर आणि टपालाचा शिक्का एवढ्यावरून पैसे कुठून, कधी आणि कशासाठी आले ते कळते; मात्र ‘धाकटीच्या औषधाला’ यातली धाकटी कोण, हे सांगायला घरातले माणूसच लागते. मोडी लिपीतल्या कागदांची तर दुहेरी अडचण आहे, कारण मोडी शाळांतून गेल्याला काही दशके उलटली आणि आजोबांचे अक्षर नातवाला चित्रासारखे दिसते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली नसती, तर त्यातले किती कागद आज शिल्लक असते? आपल्या घरच्या ट्रंकेसाठी मात्र दुसरे कोणी हिंडत येणार नाही.

ज्यांच्या घरी लिहिणे-वाचणेच उशिरा पोहोचले, त्यांच्याकडे पत्रे नसतात, क्वचित एखादा फोटो असतो. तिथे तोंडी सांगणे हाच दस्तऐवज. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्या बायका बोलल्या नसत्या, तर त्यांच्या सभा-परिषदांतला कितीतरी भाग कायमचा पुसला गेला असता.

घरच्या घरी करायचे काम अवघड नाही. फोटोमागे बॉलपेनने लिहू नये, दाब समोरच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला नाव, नाते, गाव आणि अंदाजे साल लिहावे. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढण्याआधी पानासकट त्यांची छायाचित्रे घ्यावीत. पत्रांना सेलोटेप लावू नये, टाचण्या काढाव्यात, कारण गंजाचा डाग कागद खातो. मुलाखत घेताना पंखा बंद ठेवावा आणि माणूस गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. ‘हे लिहू नकोस’ असे कोणी म्हणाले, तर ते खरोखरच लिहू नये. आत्याने असे दोनदा म्हटले आणि त्या गोष्टी माझ्यापाशीच राहतील.

पण सगळे एकेका घरावर सोडून भागणार नाही. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि जागा रिकामी करण्याच्या घाईत ट्रंका थेट रद्दीवाल्याकडे जातात. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी महिन्यातून एक दिवस स्कॅनर आणि मोडी जाणणारी एक व्यक्ती उपलब्ध करून दिली, मूळ कागद त्याच दिवशी मालकाला परत केला आणि त्याच्या परवानगीने एक प्रत वाचनालयात ठेवली, तर फार मोठ्या खर्चाशिवाय हे काम उभे राहील. आपल्या वृत्तपत्रानेही आठवड्यातून एकदा वाचकांकडचा एखादा जुना, अनोळखी चेहऱ्यांचा फोटो छापावा, ही विनंती. आमच्या फोटोत उजवीकडे परकर-पोलक्यातली सातेक वर्षांची एक मुलगी आहे, तिच्या हातात पाटी आहे. ती कोण, हे आत्यालाही आठवत नाही. पहिल्या आठवड्यासाठी तो फोटो पाठवायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे