कंद आणू नकोस

पुणे,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, येताना ट्यूलिपचे कंद आणू का?" आणि मी झटकन 'नको' म्हणाले. बाबा शेजारीच बसले होते, म्हणून म्हणाले. आता ते दुपारचे आडवे झालेत, तर खरं काय ते लिहिते.

तुझा फोन ठेवल्यापासून माझं डोकं त्या कंदांनीच भरलंय. ट्यूलिपला फुलायच्या आधी 12 ते 16 आठवडे कडक थंडी लागते. आपल्या पुण्याच्या थंडीत त्याचं काय होणार! म्हणून मी मनातल्या मनात फ्रिजचा खालचा कप्पा रिकामासुद्धा केला. मग कळलं की त्यांच्याजवळ फळं ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन वायू निघतो आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. म्हणजे बाबांची सफरचंदं चार महिने बाहेर. त्यात तो कंद दिसतो अगदी कांद्यासारखा. एखाद्या सकाळी घाईत आपल्या पोह्यांतच पडायचा. हसू नकोस, तू राहतेस त्याच नेदरलँड्समध्ये 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात माणसांनी ट्यूलिपचे कंद खाल्लेत.

आणि एवढं करूनही ते असे बॅगेत टाकून आणता येत नाहीतच. आयातीचा परवाना लागतो, तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. तेव्हा 'नको' हेच खरं. पण ते बाबांसमोर म्हटलं तेव्हा खोटं होतं, एवढंच.

हाव काही ट्यूलिपचीच आहे असं नाही गं. बाबांशी करार झालाय, गच्चीवर चाळीस कुंड्या, एक जास्त नाही. दर रविवारी ते मोजतात. मी मात्र उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत 'नुसतं बघायला' जाते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनालाही नुसतं बघायलाच गेले होते आणि रिक्षात मांडीवर जास्वंद घेऊन परतले. आल्यावर म्हणायचं, "ही जुनीच आहे, जागा बदलली." कुणाच्या कुंपणावरून कोरांटी किंवा सायली बाहेर डोकावत असली तर हात शिवशिवतो. मागून घेते हो, तोडत नाही. एकदा तोडली होती. जगली नाही.

सकाळचा चहा मी उभ्याने पिते. एका हातात कप आणि दुसऱ्या हाताचं बोट कुंडीच्या मातीत. बोटाला ओल लागली तर पाणी नाही, हा एकच नियम. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर केली, आता लालसर फुटव्यांच्या टोकांना कळ्या दिसायला लागल्यात. कालपर्यंत अकरा होत्या. रोज मोजते. मोजून त्या काही लवकर उमलत नाहीत, पण मोजते.

मावा मात्र पाठ सोडत नाही. शेवंतीच्या कोवळ्या देठावर हिरवे ठिपके दाटीवाटीने बसतात आणि त्यांच्या अंगातून निघणाऱ्या गोड रसासाठी मुंग्यांची ये-जा सुरू होते. त्या गर्दीत एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी अळी फिरते. दोन वर्षं मी ती दिसली की चिरडायचे. ती लेडीबर्डची अळी निघाली, मावा खाऊन माझंच काम करणारी! इतकी लाज वाटली मला. आता तिच्या आसपास साबणाचं पाणीसुद्धा फवारत नाही.

तुमच्याकडच्या त्या जुन्या, ज्वाळेसारख्या पट्ट्यांच्या ट्यूलिपचं वाचलं आणि चाटच पडले. एकेका कंदाची बोली घराच्या किमतीला भिडली होती आणि 1637च्या फेब्रुवारीत सगळा बाजार कोसळला. ते पट्टे म्हणजे रोग होता. विषाणू होता तो, आणि तो पसरवत होता मावा! जिथे तिथे मेला हाच.

आता शेवंतीचं. गेल्या वर्षी तुला फोटो पाठवला नाही, कारण फोटो काढण्यासारखं काही नव्हतंच. झाडं कमरेएवढी झाली, हिरवीगार, आणि कळीचा पत्ता नाही. मी शेणखत वाढवलं, निंबोळी पेंड घातली, बोलूनही बघितलं. दसऱ्याला मंडईतून विकतची शेवंती आणली, तेव्हा घशाशी आलं होतं. मग डिसेंबरात पाण्याच्या टाकीमागे ठेवलेली एकच कुंडी पिवळीधमक फुलली. त्याच झाडाची फांदी, तीच माती. फरक इतकाच, की बाकीच्यांवर रात्रभर रस्त्यावरच्या नव्या दिव्याचा पांढरा उजेड पडत होता. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते आणि या बिचाऱ्यांची रात्र कधी झालीच नाही.

म्हणून यंदा घटस्थापनेपासून रोज संध्याकाळी सहाला मी त्यांच्यावर काळ्या छत्र्या उघडून बांधते आणि सकाळी काढते. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन बघतात. बघू देत. कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्यात. तू 18 डिसेंबरला येशील तेव्हा निम्म्या तरी उमललेल्या असतील.

कंदांऐवजी एक चांगली छाटणीची कात्री आण. हातातल्या सामानात नको, मोठ्या बॅगेत टाक.

बाबा उठले वाटतं, जिन्यावर चप्पल वाजतेय. आज रविवार, आणि टाकीमागची अनंताची कुंडी अजून झाकायची आहे. थांबते.

तुझी,
आई