लिस्बनची वाट सोपी करणाऱ्या ताईस

रेवदंडा, जि. रायगड

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीत शिकणाऱ्या रेवदंडा-चौल-कोर्लईच्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तू जे सांगितलंस ते यंदा निघणाऱ्या मुलांच्याही हाती पडायला हवं. शनिवार-रविवारात लिस्बनमध्ये काय बघायचं याची यादी कुणीही देतो. तू प्रत्येक गोष्टीचं कारण दिलंस, त्याबद्दल मनापासून आभार.

तुझ्या टिपणात पहिलं काय, तर कागद. पासपोर्ट आणि निवासकार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या खुल्या सीमांच्या देशांत, सीमेवर सहसा कुणी अडवत नाही म्हणून मुलं बिनधास्त निघतात, पण स्वस्त विमानकंपन्यांच्या काउंटरवर कागद मागितले की सहल तिथंच संपते. मुदतवाढीला टाकलेलं कार्ड हाती आलं नसेल, तर नुसत्या तात्पुरत्या कागदावर देशाबाहेर जाऊ नका, हे तू ठासून लिहिलंस ते बरं केलंस.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पोर्तुगाल जर्मनीच्या एक तास मागे आहे आणि तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. तीन तासांचं विमान लिस्बनहून संध्याकाळी सहाला सुटलं, तर जर्मनीत उतरताना घड्याळात नऊ नाही, दहा वाजलेले असतात. विमानतळावरून घरी नेणारी शेवटची ट्रेन याच एका तासापायी चुकते.

मेट्रोच्या यंत्रातून मिळणारं प्रवासाचं नवेगान्ते कार्ड अर्ध्या युरोचं, प्रत्येकाचं वेगळं. त्यावर सुट्या प्रवासांसाठी भरलेले पैसे शिल्लक असताना 24 तासांचा पास भरता येत नाही, तेव्हा काय घ्यायचं ते आधीच ठरवावं. पास पहिल्यांदा यंत्राला लावला की 24 तास सुरू. शनिवारी दुपारी लावला तर रविवारी दुपारपर्यंत पुरतो. 28 नंबरच्या ट्रामसाठी मार्टिम मोनिझला भली मोठी रांग असते. तू सांगितलंस तसं कांपु दे ओरीकच्या टोकाला चढलं की बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. पाकीटमार दाराजवळच्या गर्दीत असतात, त्यामुळे सॅक पोटाशी धरायची.

लिस्बनच्या नदीकाठच्या बेलें भागासाठी तू अख्खी सकाळ राखून ठेवायला लावलीस, ते फार योग्य केलंस. 15 नंबरची ट्राम भरून आली तर काइश दु सोद्रेहून लोकल ट्रेन आहे. जेरोनिमुश मठाला सोमवारी सुट्टी. तिकीट लागतं ते आतल्या नक्षीदार चौकाला. शेजारच्या चर्चची रांग वेगळी आणि प्रवेश फुकट. हे ठाऊक नसलं की लोक चुकीच्या रांगेत ताटकळतात. चर्चमध्ये शिरल्यावर दाराजवळच वास्को द गामाची दगडी शवपेटी आहे. तिच्या अंगावर मधोमध शिडं उभारलेलं जहाज कोरलंय. तो 1524 मध्ये कोचीत वारला, तिथंच पुरला गेला आणि 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. त्याच्याच पिढीतल्या अल्मेइदा या हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु 1508 च्या लढाईत आपल्या चौलच्या बंदराजवळ मारला गेला, हे तू टिपणात जोडून दिलंस. लहानपणापासून ज्या पोर्तुगीज तटाखालून शाळेत गेलो त्याचं दुसरं टोक लिस्बनमध्ये आहे, हे त्यामुळे कळतं. नदीकाठच्या, दर्यावर्दींच्या 1960 च्या स्मारकापाशी सगळे माना वर करून बघतात. तू जमिनीकडे बघायला सांगितलंस: तिथं 50 मीटर व्यासाची दगडी दिशाचकती आहे, आणि तिच्यात जगाचा नकाशा.

खाण्याचं थोडक्यात. न मागता टेबलावर आलेला पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, बिलात येत नाही. काल्दु वेर्द हे पालेभाजीचं सूप दिसतं शाकाहारी, पण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती असते. पाश्तेल द नाता या गोड टार्टमध्ये अंड्याचा बलक असतो. जूनमध्ये मात्र खड्या मिठात कोळशावर भाजलेली तारली खावीच, आपल्याकडच्या मुलांना ती आवडणारच.

एटीएम मुल्टिबांकुचंच (तिथल्या बँकांच्या सामायिक जाळ्याचं) वापरायचं, आणि यंत्राने ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणायचं, कारण तो दर महाग पडतो. फुटपाथचे चुनखडीचे चौकोनी दगड घासून गुळगुळीत झालेत. पावसात ते तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीसारखे निसरडे होतात, त्यात सगळे रस्ते चढउताराचे. तेव्हा गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

आणि लिस्बनजवळचं सिंत्रा गाव वगळायला लावलंस, त्याबद्दल वेगळे आभार. रोसियूहून ट्रेनला जेमतेम 40 मिनिटं लागतात म्हणून मोह होतो, पण तिथले डोंगरावरचे महाल आणि रांगा अख्खा दिवस खातात. मग बेलें राहतं.

यंदा जाणाऱ्या मुलांना तुझं टिपण झेरॉक्स करून देतोय. घड्याळाची ओळ तेवढी कागदांच्याही वर घेतली आहे, चालेल ना? काही बदललं असेल तर कळव.

तुझी,
रेवदंडा-चौल-कोर्लईची मुलं