सिमेंटमधलं औषध पेशंटच्या खिशावर ठरू नये

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस

महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे गुडघ्याच्या ऑपरेशनचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. चिखलात वाकून भाताची लावणी केलेल्या बायका, बेळगावच्या वडगाव-शहापुरात जन्मभर मागावर बसलेले विणकर, सगळ्यांचे गुडघे गेलेले. ‘वाटी बदलून घे’ असं शेजारीणसुद्धा सांगते. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून माझी नोकरी झाली. तो नवा सांधा हाडाला ज्या सिमेंटनं बसवतात, त्याबद्दल हे पत्र आहे.

हे सिमेंट ऑपरेशन चालू असतानाच कालवावं लागतं. चाळीस ग्रॅम पांढरी पावडर, त्यात काचेच्या अँप्यूलमधलं द्रव. वास इतका उग्र की मास्कमधूनही नाकात जातो. कणकेसारखा गोळा होऊन तो हातमोज्याला चिकटेनासा झाला की डॉक्टर हाडावर लावतात. मग तो तापतो आणि काही मिनिटांत दगड होतो. या पावडरीत जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक मिसळता येतं, कारण ते त्या उष्णतेतही टिकतं. 1970 साली हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स आणि एंगेलब्रेख्त या डॉक्टरांनी ही पद्धत पुढे आणली.

शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक लागतंच, चीर देण्याआधीच्या तासाभरात. पण जंतू एकदा धातूवर बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात, आणि रक्तातून येणारं औषध तिथे पुरं पडत नाही. सिमेंटमधलं औषध त्याच जागी झिरपतं, पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त, आणि रक्तात फार थोडं उतरतं. पहिल्या ऑपरेशननंतर सांध्यात जंतुसंसर्ग साधारण शंभरात एक-दोघांना होतो. शुगरवाल्यांना धोका जास्त. ज्याला होतो त्याचा बसवलेला सांधा बहुतेकदा काढावा लागतो, औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा घालून आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं आणि मग पुन्हा ऑपरेशन. तोवर घरातलं एक माणूस दवाखान्यात अडकलेलं, शेत पडीक.

सरसकट प्रत्येकाला हे सिमेंट वापरावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. औषधाला दाद न देणारे जंतू वाढण्याची भीतीही खरी आहे. म्हणून माझी मागणी सरसकट नाही. शुगर, आमवात (रुमॅटॉइड), आधी कधी झालेला संसर्ग किंवा दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, अशा पेशंटला ते द्यायचं का हे डॉक्टरांनी ठरवावं. मी मात्र ते पेशंटच्या मुलानं बाहेरच्या मेडिकलमधून काय आणलं, त्यावर ठरताना पाहिलं आहे. सरकारी योजनेतून होणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनला, डॉक्टरांनी लिहिलं तर, हे सिमेंट विनामूल्य मिळालं पाहिजे. तेही कारखान्यातून औषध मिसळून आलेलं. पातळ इंजेक्शन ओतलं किंवा औषधाची पावडर अंदाजानं जास्त टाकली, तर सिमेंट कमकुवत होतं.

आणि नोंद ठेवा. कुठलं सिमेंट, कुठलं औषध, किती, हे पाकिटावरच्या स्टिकरसकट पेशंटच्या कार्डावर लागलं पाहिजे. नव्वद दिवस त्याची विचारपूस झाली पाहिजे, आणि जिल्ह्याचे आकडे दरवर्षी जाहीर झाले पाहिजेत. आमच्याकडची किती माणसं पुढे मिरज-कोल्हापूर गाठतात. तिथल्या डॉक्टरांच्या हाती हे कार्ड पडलं तर कुठलं औषध आधी वापरलं ते लगेच कळेल. कार्ड कन्नडबरोबर मराठीतही छापा. जखमेतून पाणी येऊ लागलं, गुडघा लाल होऊन तापला तर त्याच दिवशी या, ही ओळ जांबोटीच्या आजीला स्वतःला वाचता आली पाहिजे. तिथे भाषेचा वाद आणू नका, ही हात जोडून विनंती.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा जिल्ह्यातल्या हाडांच्या डॉक्टरांची एक बैठक घ्या. थिएटरमधल्या सिस्टरांनाही बोलवा. पाकीट फोडून सिमेंट कालवणाऱ्यांत त्याही असतात.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त स्टाफ नर्स