कमाटीबागेतला देवमासा आणि देव्हाऱ्यातला शाळिग्राम

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात प्राचीन समुद्री जीवांवर एक टिपण आले होते. ते मी दोनदा वाचले. पहिल्यांदा आवडले म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्यातले एक वाक्य खटकले म्हणून. 'समुद्रतळाशी गेलेल्या प्राण्यांची हाडे कालांतराने दगड होतात,' असे ते वाक्य. नुसत्या कालांतराने हाडांचे दगड झाले असते, तर आज समुद्राच्या तळाला माशांना फिरायला जागा उरली नसती.

एरवी मी ते सोडूनही दिले असते. पण त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कमाटीबागेतल्या म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्याचा फोटो फिरत आला. खाली कुणीतरी लिहिले होते : 'बडोद्याचे वैभव, लाखो वर्षांपूर्वीचा जीवाश्म!' त्याला भराभर अंगठे मिळाले. नातवाने तो फोटो पाहिला आणि विचारले, "आजी, हा नक्की किती लाख वर्षांचा?" मी म्हटले, "माझ्या थोरल्या भावापेक्षा दोन वर्षांनी धाकटा आहे तो." त्याला वाटले मी चेष्टा करते आहे.

हा निळा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी लागला. सांगाडा सुमारे सत्तर फूट लांब आहे. काही लोक त्याला 'पिल्लू' म्हणतात. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मते तेव्हा साधारण तेवीस फुटांचे असते, म्हणजे हे पिल्लू चांगलेच वाढीला लागलेले होते! (आपल्या भाषेने याला 'मासा' करून ठेवले आहे हे आणखी एक. पिल्लांना दूध पाजणारा मासा कुणी पाहिलाय?) सांगायचे ते एवढेच, की ती हाडे हाडेच आहेत, त्यांचे दगड झालेले नाहीत. त्याला जीवाश्म म्हणणे म्हणजे काल लावलेल्या विरजणाला खरवस म्हणण्यासारखे आहे.

पण नातवाच्या प्रश्नाने मला दुसरा प्रश्न सुचला. तो देवमासा किनाऱ्याला न लागता भर समुद्रात बुडाला असता, तर त्याचा जीवाश्म झाला असता का? बहुधा नाही. खोल समुद्रात देवमाशाचे कलेवर तळाशी गेले की शार्क, खेकडे आणि इतर पंगत बसते. मांस संपल्यावर हाडे राहतील म्हणावे, तर तीही राहत नाहीत. २००२ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, जवळजवळ तीन हजार मीटर खोलीवर, देवमाशाच्या हाडांवर एक किडा सापडला. ओसेडॅक्स त्याचे नाव. त्याला ना तोंड, ना पोट. झाडाने जमिनीत मुळे घालावीत तशी तो हाडात मुळे घालतो, आम्ल सोडून हाड विरघळवतो आणि आतले पोषण शोषतो. ही मंडळी काही नवी नव्हेत. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या हाडातही त्यांनी पाडलेली भोके सापडली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा देवमासे जन्मालाही आलेले नव्हते. म्हणजे किती सांगाडे दगड होण्याआधीच या किड्यांच्या पोटी (पोट नसताना!) गेले असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

जीवाश्म होण्यासाठी पहिली गरज लवकर गाडले जाण्याची. खंबातच्या आखातातल्या गाळात आमचा देवमासा पटकन रुतला असता, तर थोडीफार आशा होती. गाळाच्या थराखाली खनिजे विरघळलेले पाणी हाडाच्या बारीक छिद्रांत झिरपते, खनिजे तिथे साचतात, कधी मूळ पदार्थाचीही जागा घेतात. कधी शिंपला पुरता विरघळून जातो आणि राहतो तो फक्त त्याचा ठसा.

असा ठसा आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आहे. आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला शाळिग्राम आहे, तुळशीच्या लग्नाला तोच नवरदेव असतो. गंडकीच्या पात्रातला तो काळा गुळगुळीत गोटा म्हणजे समुद्राच्या तळाचा गाळ, आणि त्यातले 'चक्र' म्हणजे अ‍ॅमोनाइट या माकूळवर्गीय प्राण्याच्या शंखाचा ठसा. भारत आशियाला जाऊन भिडण्याआधी मध्ये टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाचे हे थर हिमालयाबरोबर वर आले. गोटा असा गोल का, तेही ऐकण्यासारखे आहे. प्राणी कुजताना भोवतीच्या गाळातल्या पाण्याचे रसायन बदलते आणि शंखाभोवतीचा गाळ लवकर, वरच्या थरांचे ओझे येण्याआधीच घट्ट होतो. त्यामुळे आतला शंख चेपत नाही. ज्यांना असे कवच मिळाले नाही, ते शंख शेल खडकाच्या पापुद्र्यांत पापडासारखे चपटे झालेले सापडतात. म्हणजे कुजणे हे नेहमीच नासधूस करते असे नाही, कधीकधी तेच राखणही करते.

आता एक कबुली. निवृत्त होईपर्यंत मी मुलांना सांगत आले, की ऑक्सिजन नसला की जीव कुजत नाही आणि चांगला जीवाश्म होतो. हे अर्धेच खरे आहे, हे मला अगदी अलीकडे कळले. जर्मनीत होल्झमाडेन भागातल्या काळ्या शेलमध्ये १८.३ कोटी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव सापडतात, आणि त्यांतले बरेच सोन्यासारखे चमकतात. ही चमक पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाची, म्हणजे 'मूर्खांच्या सोन्याची', असे सगळे धरून चालले होते. पायराइट बनते ते ऑक्सिजन नसलेल्या गाळात, म्हणून गोष्ट कशी चपखल जुळत होती. २०२३ मध्ये काही संशोधकांनी ते नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले. भोवतीच्या खडकात पायराइटचे बारीक झुबके शेकड्यांनी, आणि जीवाश्मांवर मात्र जेमतेम तीन-चार. जीवाश्म मुख्यतः फॉस्फेट खनिजांचे होते, आणि सोनेरी रंग कॅल्साइट या पिवळ्या खनिजाचा. त्यावरून त्यांचे म्हणणे असे, की कमी ऑक्सिजनच्या तळाने जीव टिकवून धरले खरे, पण त्यांचे खनिज होण्याच्या प्रक्रियेला ऑक्सिजनच्या एखाद्या झुळकेचा हात लागला असावा. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्याने वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

आपल्या टिपणात जर्मनी आली, इंग्लंड आले, पेरू आला. कच्छ मात्र आले नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. बडोद्याहून रात्री गाडीत बसले की सकाळी आपण ज्या मुलुखात उतरतो, तो एकेकाळचा समुद्रतळ आहे. लोडाईजवळ सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाला. हा माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी, वय सुमारे पंधरा कोटी वर्षे. भारतातला ज्युरासिक काळातला हा पहिलाच, आणि तो जगासमोर आला २०१७ मध्ये. त्याच्या दातांची झीज पाहून अभ्यासक म्हणतात, की तो कठीण कवचाचे भक्ष्य खात असावा. त्यात आपल्या शाळिग्रामाचे भाऊबंदही असतील!

आणि देवमाशाचे प्राचीन भाऊबंद तर कच्छचे रहिवासी. २००० साली जीवाश्मांचे अभ्यासक सुनील बाजपेयी आणि थेविसेन यांनी पश्चिम कच्छमधल्या एका प्राचीन देवमाशाला नाव दिले : कच्छिसेटस मिनिमस. चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, पाणमांजरासारख्या चणीचा, आखूड पायांचा, लांब बळकट शेपटीचा. होय, पायांचा. आजच्या देवमाशात त्या मागच्या पायांची खूण म्हणून मांसात रुतलेली, कण्याला न जोडलेली दोन लहान हाडे उरली आहेत.

याच्याही मागची कडी जम्मूकडे कालाकोट इथे मिळाली. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून आणलेले दगड वर्षानुवर्षे तसेच पडून होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते थेविसेन यांच्या हवाली केले. काम करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्याची एक बाजू नेहमीपेक्षा जाड होती, आणि असे हाड देवमाशांच्या कानातच असते. हरणासारखा, मांजराएवढा हा प्राणी इंडोहायस २००७ मध्ये देवमाशांच्या जवळचा नातलग म्हणून जाहीर झाला. इतकी वर्षे घरात पडून राहिलेले दगड, आणि पुरावा हाती लागला तो हातून काहीतरी फुटल्यामुळे. आमच्या प्रयोगशाळेत काही फुटले की मी मुलांवर किती ओरडायची!

आपल्याला एक विनंती आहे. ते वाक्य दुरुस्त कराच, पण सोबत कच्छिसेटसचे एक मोठे चित्र छापा, शेजारी माणसाच्या उंचीची आकृती घालून. ते कात्रण घेऊन मी नातवाला कमाटीबागेत नेणार आहे. वर सत्तर फुटांचा सांगाडा आणि हातात त्याचा चार पायांचा प्राचीन भाऊबंद, असे त्याला एकदा उभे करायचे आहे. शक्यतो शनिवारच्या अंकात छापा. रविवारी त्याला क्लास नसतो.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे