टायरचा खर्चही हिशेबात धरा

संपादक महोदय,

विजेवर चालणाऱ्या पिकअप वाहनांची चर्चा एका चार्जमध्ये मिळणाऱ्या पल्ल्यापाशीच थांबते. परंतु बॅटरीचे वजन आणि मोटर फिरताच मिळणारा टॉर्क (चाके फिरवणारा जोर) यांमुळे टायर लवकर झिजतात, हा खर्च घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. रिकाम्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की चाके जागीच घसरतात आणि नक्षी घासून निघते. प्रमाणित पल्लाही चाचणीतला. माल भरून खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीला तो कसा मिळावा? युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘युरो ७’ या वाहन-प्रदूषणविषयक नियमावलीत टायरच्या झिजेवरही मर्यादा आणण्याची तरतूद आहे. आपल्याकडे निदान पूर्ण भारासह मिळणारा पल्ला आणि टायरचे अपेक्षित आयुष्य माहितीपत्रकात छापणे सक्तीचे करावे.

– एक मालवाहतूकदार, सातारा