स्मरणचित्राआधी समोर माणूस बसवा

महोदय,

शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी सुरू झाली की मुले मार्गदर्शक पुस्तिकांतली माणसे घोकायला लागतात : हंडा घेतलेली बाई, छत्रीवाला मुलगा, फुगेवाला. एलिमेंटरी असो की इंटरमीजिएट, स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या प्रसंगचित्रात, माणसे काढावी लागतातच. पण जो माणूस कधी समोर बसवून काढलाच नाही, त्याचे स्मरण होणार कसे?

लाइफ क्लास, म्हणजे समोर बसवलेल्या जिवंत माणसावरून चित्र काढण्याचा वर्ग, म्हटले की लोकांना न्यूड मॉडेल आठवते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये न्यूड मॉडेलचा वर्ग तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू केला आणि चित्रकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तो हवाच. शाळेत मात्र वर्गातला मित्र, शिपाईमामा, घरची आजी पुरेशी आहे. अंगावर कपडे असले म्हणून अडत नाही. उलट नऊवारीच्या चुण्या गुडघ्यावर कुठे ताणल्या जातात हे पाहिले की आतला पाय आपोआप कळतो.

मॉडेल दहा-बारा फुटांवर असावे. जवळ बसले तर डोक्याकडे पाहताना मान वर आणि पायांकडे पाहताना खाली करावी लागते, मग प्रमाण बिघडणारच. उजेड एका बाजूच्या खिडकीतून घ्यावा. डोक्यावरच्या ट्यूबलाइट बंद. चार बाजूंनी उजेड आला की सावलीच उरत नाही. बोर्ड उभा धरावा. बाकावर आडव्या ठेवलेल्या कागदाची लांबची कड डोळ्याला आखूड दिसते, मुले नकळत तिकडचा भाग वाढवतात आणि कागद उभा केला की डोके भोपळ्याएवढे निघते.

सुरुवातीला एकेका मिनिटाच्या दहा पोझ, मग पाच मिनिटांच्या तीन, शेवटी वीस मिनिटांची एक. मिनिटाच्या पोझमध्ये नाक-डोळे नाहीत, खोडरबर तर नाहीच. फक्त पाठकण्याचा बाक, खांद्यांची रेघ, कमरेची रेघ. माणूस एका पायावर भार देऊन उभा असला की त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा बहुधा खाली येतो आणि गळ्याची खळी भाराच्या घोट्याच्या बरोबर वर असते. दोऱ्याला किल्ली बांधून गवंड्यासारखा ओळंबा धरला की हे दिसते. खळी घोट्यावरून सरकली की चित्रातला माणूस कलंडतो, मग शेडिंग कितीही करा.

नवशिक्या डोळ्यांपासून सुरू करतो आणि पावले कागदाबाहेर जातात. आधी वरची व खालची खूण करावी. उभ्या माणसाचा मध्य बेंबीवर नसून मांड्या जुळतात तिथे असतो. हातातली पेन्सिल मॉडेलच्या दिशेने उभी धरून माप घेताना कोपर ताठ आणि एक डोळा बंद. कोपर वाकले की माप बदलते. उंची डोक्याच्या मापात मोजतात : मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, सहा वर्षांचे मूल साडेपाच-सहा डोक्यांचे. मुलाला मोठ्याचे प्रमाण दिले की चित्रात बुटका काका उभा राहतो. पावले तर सगळेच लहान काढतात. प्रत्यक्षात पाऊल मनगटापासून कोपरापर्यंत लांब असते.

वीस मिनिटांनी मॉडेलला पाच मिनिटे मोकळे सोडावे, नाहीतर भाराचा पाय बधिर होऊन पोझ ढळते. उठण्यापूर्वी पावलांभोवती खडूने रेघ मारली की तीच जागा पुन्हा सापडते. विचारल्याशिवाय मोबाइलने फोटो काढू नयेत. आणि शिपाईमामांना बसवले, तर तो तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरावा.

– एक कलाशिक्षक, सातारा